फुटपाथवरच्या माणसांसाठी काही करायचंय? तरुण स्वयंसेवकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की आमच्याकडे प्रश्न यायला लागतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर त्यांचा पाऊसच पडतो. विचारणारे बहुतेक सतरा ते चोवीस वयाचे, काही वेळा त्यांचे आईवडील. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आमचं काम मुंबईत चालतं, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ आणि ९ वाचून मगच बाहेर पडा.

१. बेघर आणि भिकारी एकच ना?

नाही. फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपणारे बहुतेक जण काम करतात. कुणी नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवतो, कुणी हमाली करतो, कुणी भंगार वेचतं, कुणी सिग्नलला गजरे विकतं. लग्नाच्या हॉलमध्ये केटरिंगला वाढपी म्हणून जाणारी कितीतरी मुलं हंगाम संपला की रस्त्यावरच झोपतात. पारध्यांसारख्या भटक्या-विमुक्त समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याच फुटपाथवर आहेत. तिथेच जन्मलेल्या मुली आता तिथेच आई झाल्यात. आणि परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास जे लोक दिसतात, ते बिहार, बंगाल, विदर्भातून कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात. गावी त्यांचं घर असतं, शेत असतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तारखा संपेपर्यंत फुटपाथ.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर म्हणून नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख आणि मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. रात्री जागा बदलणारी माणसं अशा मोजणीत सहज सुटतात, तेव्हा हा आकडा कमीत कमी धरावा.

२. आम्ही चार-पाच मित्रमैत्रिणी आहोत, अनुभव काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

एकच जागा निवडा. घरापासून किंवा कॉलेजपासून चालत जाता येईल अशी. एक पूल, एक फुटपाथ, स्टेशनबाहेरचा एक कोपरा. पहिले काही आठवडे काहीही वाटू नका; ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा, बसा, बोला. शक्य असेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर जा.

हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. त्यांना पहिल्याच रात्री दोनशे पाकिटं वाटायची असतात. पण दोनशे पाकिटं वाटून परत न येणारे लोक फुटपाथने भरपूर पाहिलेत. दर गुरुवारी येणाऱ्या पोरांनाच तिथली मावशी सांगते की तिच्या सुनेला सातवा महिना लागलाय आणि अजून कुठल्याच हॉस्पिटलात नाव घातलेलं नाही. ही माहिती कळणं हीच तुमची पहिली खरी मदत.

३. मी मुलगी आहे, घरचे रात्री पाठवत नाहीत. आणि माझा भाऊ सोळा वर्षांचा आहे, त्याला येता येईल का?

रात्री उशिरा जायची गरजच नाही. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली: लोक कामावरून आलेले असतात, चूल पेटलेली असते, झोपायची घाई नसते. एकटं कुणीच जायचं नाही, मुलांनीही नाही. तीन-चार जणांचा गट हवा आणि कोण कुठे आहे हे घरी एकाला तरी माहीत हवं.

घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा. मुलींशिवाय हे काम अर्धवट राहतं. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नसणं, पहाटे अंधारात संडासला जाताना वाटणारी भीती, रात्री कुणीतरी अंगावर हात टाकणं, या गोष्टी तिथल्या बायका मुलग्यांना सांगत नाहीत.

अठराच्या आतल्यांनी पालकांची लेखी परवानगी घेऊन दिवसाची कामं करावीत: सामान निवडणं, पाकिटं भरणं, निवाऱ्यातल्या मुलांना वाचून दाखवणं.

४. काय द्यावं? थंडीत ब्लँकेट वाटायचा विचार आहे.

आधी विचारा, मग आणा. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, म्हणून जरा सविस्तर.

दिल्लीची थंडी जीव घेते, तिथे ब्लँकेट हवंच. मुंबईत मात्र ३१ डिसेंबरच्या आसपास एकेका माणसाला तीन-तीन ब्लँकेटं मिळतात आणि ती ठेवायला जागा नसते. रस्त्यावर राहणाऱ्याला आपलं सगळं सामान दिवसा सांभाळावं किंवा उचलून न्यावं लागतं. जास्तीचं ब्लँकेट म्हणजे जास्तीचं ओझं. शिवाय पालिकेची गाडी आली की गाठोड्यासकट जातं.

मुंबईच्या बेघरांचा खरा कठीण काळ जून ते सप्टेंबर. तेव्हा लागते ताडपत्री, चांगली जाड, कडेला भोकं असलेली, दोरीसकट. लागते मच्छरदाणी किंवा मच्छर अगरबत्ती, आणि कागदपत्रं ठेवायला चेनवालं प्लॅस्टिकचं पाकीट. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्याला लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो, म्हणून गमबूट. आणि त्याच महिन्यांत वाटप करणारे गट सगळ्यात कमी दिसतात.

वर्षभर उपयोगी पडणाऱ्या वस्तू लहान असतात: साबणाची वडी, टूथपेस्ट, कंगवा, सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला कागदी पिशव्या, आतले नवे कपडे, कुलूप. परळच्या फुटपाथवर एका आजींना काय हवं असं विचारलं, तर त्यांनी पदराखालून हात काढून दाखवला. नखं वाढून वळली होती, दोन बोटांना जखम झाली होती. त्यांना नेलकटर हवं होतं आणि ते चालवायला कुणीतरी, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. ही गोष्ट कुठल्याच वाटपाच्या यादीत नसते.

जुने कपडे द्यायचे असतील तर धुतलेले, बटणं शाबूत असलेले, आणि ज्याला द्यायचे त्याच्या मापाचे. ढीग टाकून निघून जायचं नाही. ढिगावर ओढाओढी होते आणि म्हातारी माणसं मागे राहतात. अन्नाबद्दल पुढचा प्रश्न वाचा.

५. लग्नात खूप जेवण उरतं. ते नेऊन वाटलं तर चालेल?

चालेल, पण घड्याळ बघून. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर उघड्यावर राहिलं असेल तर नेऊ नका, विशेषतः भात, पनीर आणि दुधाचे पदार्थ. तुम्हाला घरी पोट बिघडलं तर संडास आहे, ओआरएस आहे. रस्त्यावर जुलाब लागले तर प्रत्येक खेपेला सार्वजनिक शौचालयाचे पैसे मोजावे लागतात, तेही ते उघडं असेल तर. न्यायच्या आधी वास घ्या आणि स्वतः खाऊन बघा. जे तुम्ही खाणार नाही ते देऊ नका.

उरलेलं अन्न गोळा करणाऱ्यांची घडी बसलेली असते, त्यांना जोडून घेणं सोपं पडतं. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी हॉटेलांतलं उरलेलं अन्न तरुण स्वयंसेवकांमार्फत पोहोचवते आणि पैशाच्या देणग्या घेत नाही. अनेक शहरांत तिचे गट आहेत.

कुठे द्यायचं हेही बघा. सिद्धिविनायकाजवळ मंगळवारी किंवा माहीमच्या दर्ग्याजवळ गुरुवारी जेवण देणारे बरेच असतात. माहीमला तर हॉटेलांबाहेर माणसं ओळीत बसलेली असतात; येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे भरतो आणि तितक्या जणांना आत गरम जेवण मिळतं. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिथे माणूस बसून ताटात जेवतो. तुम्ही मात्र त्यापलीकडच्या फुटपाथवर जा, जिथे कुणी थांबत नाही.

दात नसलेल्यांना पाव किंवा भाकरी देऊन उपयोग नाही. मऊ खिचडी, केळं, उकडलेलं अंडं द्या. साखरेचा आजार असणारे बरेच भेटतात, त्यांना बुंदीचा लाडू हातात ठेवण्याआधी विचारा.

६. रोख पैसे द्यावेत का?

गट म्हणून आम्ही रोख देत नाही, बिल भरतो. औषधाचं दुकान, एक्स-रे, गावी जायचं तिकीट, फॉर्मचे झेरॉक्स. कुणाला दिलं, कुणाला नाही यावरून फुटपाथवर भांडणं होतात आणि त्याची झळ तुम्ही गेल्यावर त्यांना लागते. वैयक्तिक ओळखीत तुम्ही काय करता ते तुमच्यावर. एवढंच लक्षात ठेवा, की रस्त्यावर राहणं स्वस्त नसतं. संडासला पैसे, आंघोळीला पैसे, मोबाईल चार्जिंगला पैसे. सामान सांभाळायलाही कुणीकुणी पैसे घेतं.

७. पहिल्यांदा बोलताना सुचतच नाही. काय बोलायचं?

जसं शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाशी बोलाल तसं. मोठ्या माणसाला अहो-जाहो, बायकांना ताई, मावशी, आजी. पुरुषांना दादा, काका, बाबा. उभं राहून वरून बोलू नका, खाली बसा. अंथरलेल्या गोधडीवर किंवा ताडपत्रीवर चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, ते त्यांचं घर आहे. स्वतःचं नाव आधी सांगा. त्यांनी चहा विचारला तर घ्या.

'तुम्ही इथे कसे आलात?' हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. पाऊस, भाव, क्रिकेट, कामाचा नाका, हे विषय पुरतात.

८. फोटो काढले तर इतरांना प्रेरणा मिळते. त्यात वाईट काय?

हातात पाकीट घेतानाचा माणसाचा फोटो काढू नका. त्याच्या गावाकडे तो मुंबईत कामाला आहे एवढंच माहीत असतं. तुमच्या स्टेटसवरून फोटो फिरत तिथे पोहोचला तर त्याची मान खाली जाते. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बाईला तर त्याच फोटोमुळे शोधून काढलं जाऊ शकतं. मुलांच्या बाबतीत आणखी काळजी घ्या: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ चा बाल न्याय कायदाच मनाई करतो. सामानाचे, पाकिटं भरणाऱ्या तुमच्या गटाचे फोटो खुशाल टाका.

वाढदिवस फुटपाथवर साजरा करण्याबद्दलही हेच. केक आणायला हरकत नाही, पण तिथल्या एखाद्या पोराचा वाढदिवस कधी असतो हेही विचारा आणि त्या दिवशीही आणा.

९. निवारा केंद्र आहे, तरी लोक तिथे जात नाहीत. मग आपण मदत का करायची?

हा प्रश्न जरा रागाने विचारला जातो, म्हणून उत्तर शांतपणे.

पहिली गोष्ट, निवारे पुरेसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि नागरी उपजीविका अभियानाचे निकष सांगतात, की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, बारा महिने चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा. २०११ ची मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात; म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात मुंबईत तितके नाहीत.

दुसरी गोष्ट, आहेत ते कुणासाठी आहेत? पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, मुलांचा वेगळा. नवरा, बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासू असं कुटुंब तीन ठिकाणी विभागलं जाणार असेल, तर ते एकत्र फुटपाथवर राहणं पसंत करतं. तुम्हीही केलं असतं.

तिसरी गोष्ट कामाची. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला माल उचलणारा माणूस दूरच्या उपनगरातल्या निवाऱ्यात झोपला तर कामावर पोहोचणार कसा? १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने हेच ओळखलं होतं. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याविरुद्धचा तो खटला. माणूस पोट भरायला तिथे राहतो आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र त्याच निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवायला परवानगी दिली. अर्धवट माहितीवर लोकांना 'तुम्हाला कुणी हलवू शकत नाही' असं सांगू नका.

म्हणून तुमचं काम असं: जवळचा निवारा स्वतः जाऊन बघा, कोणाला घेतात, सामान कुठे ठेवतात, वेळा काय, हे विचारून घ्या आणि ती माहिती लोकांना द्या. जायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. एकटी म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले लोक बऱ्याचदा तयार होतात, तेव्हा पहिल्या दिवशी सोबत जा.

१०. कागदपत्रं काढून देण्यात आम्ही काय मदत करू शकतो?

भरपूर. तुमच्या वयाच्या पोरांनी करावं असं याहून चांगलं काम मला माहीत नाही, कारण त्याला लागतो तो वेळ, मोबाईल आणि रांगेत उभं राहायची ताकद. रोजंदारीवरच्या माणसाला कार्यालयात घातलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

हरवलेलं आधार बऱ्याचदा केंद्रावर बोटांचे ठसे देऊन परत मिळतं. नवं काढायचं आणि पत्त्याचा पुरावा नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

मतदार नोंदणीला तर बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागतच नाही. फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बूथ लेव्हल अधिकारी रात्री तिथे येऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते बघतो. हा नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे, कधीकधी खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही. छापून सोबत न्या.

मुलांच्या शाळेसाठी: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मूळ कागद तुमच्याकडे कधीही ठेवून घेऊ नका. काम झालं की त्याच दिवशी हातात परत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि त्यांची परवानगी असेल तर एक झेरॉक्स वेगळ्या जागी.

११. रस्त्यात कुणी आजारी, निपचित पडलेलं दिसलं तर?

जवळ जा, हाक मारा, श्वास चालू आहे का बघा. दारू प्यायला असेल असं म्हणून पुढे जाऊ नका. साखर उतरलेला, फिट येऊन गेलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच दिसतो. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. हॉस्पिटलात माणसाबरोबर कुणीतरी थांबणं फार महत्त्वाचं. सोबत कुणी असलं की केसपेपरवर 'बेवारस' लिहिलं जात नाही आणि तपासण्या मागे पडत नाहीत.

'पोलीस आपल्यालाच अडकवतील का?' रस्ता अपघात असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. ही तरतूद फक्त अपघातांसाठी आहे. इतर वेळी आपलं नाव सांगावं, काय पाहिलं ते सांगावं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

१२. एक माणूस स्वतःशीच बोलत फिरतो, अंगावर धड कपडेही नाहीत. त्याच्यासाठी काय करता येईल?

जबरदस्तीने उचलून कुठे नेऊ नका. त्याला रोज चहा देणारा टपरीवाला असतो. ओळख त्याच्यामार्फत करून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेणं आणि २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, असंही तेच कलम सांगतं. पोलीस ठाण्यात जाताना कलमाचा क्रमांक लिहून न्या, नम्रपणे दाखवा.

हे आजार उपचारांनी आटोक्यात येतात, माणसं घरी परततात. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतला हेच करते: रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार आणि मग त्यांच्या गावी पोहोचवणं. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

१३. मूल एकटं दिसलं तर १०९८ लावायचा का?

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. एकटं, हरवलेलं, सोडून दिलेलं मूल असेल तर ती लगेच लावा, किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. तुम्ही स्वतः त्याला घरी नेऊ नका. कायद्याने त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

पण आईबापांबरोबर फुटपाथवर राहणारं मूल हरवलेलं नसतं. घर नाही एवढ्याच कारणावरून फोन केलात तर त्या कुटुंबाला पोर गमवायची भीती बसते आणि पुढे ते कुणालाच जवळ येऊ देत नाहीत. मारहाण, मजुरी, लैंगिक छळ दिसला तर मात्र आईबाप असले तरी फोन करायचाच.

१४. आम्ही तिथे असताना पालिकेची किंवा पोलिसांची गाडी आली तर?

हुज्जत घालू नका, व्हिडिओ काढत पुढे-पुढे करू नका. लोकांना आधी कागदपत्रं आणि औषधं उचलायला मदत करा, बाकी सामान नंतर. अधिकाऱ्याचं नाव आणि सामान कुठे नेतायत ते शांतपणे विचारून लिहून घ्या.

महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यातली 'भीक' या शब्दाची व्याख्या फार सैल आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय, एवढ्यावरूनही माणूस त्यात येऊ शकतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवलं जाऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची बरीच कलमं तिथे रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. ओळखीचा माणूस उचलला गेला तर तो काय काम करतो हे सांगणारं कुणीतरी न्यायालयात लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागा आणि मुकादम किंवा दुकानदार सोबत न्या.

१५. नशा करणाऱ्यांनाही द्यायचं का?

जेवण, पाणी, औषध सगळ्यांना. भूक लागायला सभ्य असावं लागत नाही. तोल गेलेल्या माणसाशी त्या वेळी वाद नको, दुसऱ्या दिवशी सकाळी भेटा.

१६. एनएसएसचे तास मिळतील का?

कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवलंत तर बहुधा मिळतात. वर्षाला १२० तासांची अट असते. तासांसाठी आलात तरी हरकत नाही. कितीतरी जण तसेच आले आणि नोकरीला लागल्यावरही येतात. फक्त परीक्षेच्या काळात येणार नसाल तर तिथे आधी सांगून जा. 'पुढचे तीन आठवडे पेपर आहेत, मग येतो.' त्यांना हे पूर्ण कळतं.

१७. रोज दिसणारे काका अचानक दिसेनासे झाले. काय करू?

आधी आजूबाजूला विचारा: शेजारी झोपणारे, चहावाला, रात्रीचा वॉचमन. गावी गेले असतील, कामाच्या साइटवर राहायला गेले असतील. हंगामात तसं होतंच. काही कळलं नाही तर जवळच्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत चौकशी करा आणि बेवारस म्हणून दाखल केलेल्यांचीही विचारपूस करा. नंतर चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात (कारण प्रश्न १४ मध्ये दिलंय) आणि पोलीस ठाण्यात. हरवल्याची तक्रार नातेवाईक नसलेला माणूसही देऊ शकतो. यासाठी पूर्ण नाव, अंदाजे वय, गाव आणि अंगावरची एखादी खूण लागते, तेव्हा ओळख झाल्यावर एवढं त्यांच्या संमतीने वहीत लिहून ठेवा. साठीच्या पुढच्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही मदत करते.